गंजलेलं बिडाचं भांडं पुन्हा वापरात कसं आणावं

बेळगावात बिडाचं जुनं भांडं मोडीत निघालं की त्याचा शेवट बहुतेक वेळा भट्टीत होतो. भंगारवाला ते किलोवर घेतो, उद्यमबाग-मच्छेकडच्या एखाद्या फाउंड्रीत ते वितळतं आणि त्यातून पंपाचा किंवा गाडीचा एखादा भाग ओतला जातो. ओतकाम या गावाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथेच सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाण्याआधी लोखंडी नांगरही इथेच बनवले. त्यामुळे बीड वितळण्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चांगला तवा वितळण्याचं. वाळूच्या साच्यातून निघालेल्या नव्या तव्याची पाठ-पोट खरखरीत असते. जुन्या तव्याचं पोट वर्षानुवर्षं उलथणं फिरून गुळगुळीत झालेलं असतं. ती गुळगुळी दुकानात विकत मिळत नाही. गंज वरवरचा असतो, त्याच्याखाली ती बहुधा शाबूत असते.

काम सोपं आहे, पण त्यात घाई चालत नाही. सगळ्या पायऱ्यांवर माझा एकच आग्रह आहे: ज्या सौम्य उपायाने काम भागतं, त्याच्यापुढे जाऊ नका. बहुतेक भांडी गंजाने मरत नाहीत, गंज काढणाऱ्याच्या ग्राइंडरने आणि ॲसिडने मरतात.

आधी भांडं ओळखा

माळ्यावर, परड्यात किंवा आठवडी बाजारातल्या भंगाराच्या ढिगात मिळणारं प्रत्येक काळं भांडं बिडाचं नसतं. लोहाराने पत्रा ठोकून घडवलेला भाकरीचा तवा पातळ असतो, त्यावर हातोडीचे घाव दिसतात आणि तो पडला तर वाकतो. बीड जाड, जड आणि ठिसूळ. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो, म्हणून बीड वाकत नाही, तडकतं. ओतलेल्या भांड्याच्या तळाला किंवा काठाला धातू ओतल्या जागेची खूण सापडते, कधी दोन साचे जुळल्याची बारीक रेघही दिसते. घडीव तव्यालाही पुढची बरीचशी कृती लागू पडते, पण त्याला इतकं जपावं लागत नाही.

घेण्याआधी भांडं एका बोटावर किंवा दोरीला टांगून लाकडाने हलकं वाजवा. धड बीड टणकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ टिकतो. तडा गेलेलं बद्द वाजतं. आमच्याकडचे जुने विक्रेते स्वतःच सांगतात, "घ्या की ओ, खरं वाजवून घ्या." मग कडप्प्याच्या सपाट ओट्यावर ठेवून बघा. तवा मधोमध फुगलेला असेल आणि भिंगरीसारखा फिरत असेल तर चुलीवर चालेल, इंडक्शनवर किंवा काचेच्या शेगडीवर त्रास देईल. कान तुटलेली कढई खुशाल घ्या. तडा गेलेली मात्र फुकट मिळाली तरी नको. बिडाचं वेल्डिंग होतं, पण ते खास कांड्या वापरून आणि भांडं नीट तापवून करावं लागतं. एवढा खर्च तव्यावर परवडत नाही आणि शेजारी नवा तडा जाण्याची भीती राहतेच.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: हे भांडं आधी कशासाठी वापरलं? बॅटरीचं किंवा मासेमारीच्या जाळ्याचं शिसं वितळवायला जुन्या कढया वापरल्या जातात. शिसं घासून पूर्ण निघाल्याची खात्री घरी करता येत नाही. राखाडी चकचकीत थेंब चिकटलेले दिसले, किंवा गॅरेजमधून आलेल्या कढईबद्दल कुणी धड सांगत नसेल, तर ती कुंडी ठेवायला वापरा, स्वयंपाकाला नको. डांबर आणि रंग शिजवलेल्या कढईलाही मी हाच नियम लावते. आतून पांढरा किंवा रंगीत मुलामा असलेलं भांडं वेगळं, त्याला यातलं काहीही करायचं नसतं.

थर काढणं

जुन्या भांड्यावर दोन वेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात. एक जळलेल्या तेलाचा काळा थर, दुसरा तांबडा गंज. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि क्रमही ठरलेला आहे: आधी काळा थर, मग गंज. उलट केलंत तर गंज काढणारं आंबट पाणी थराखाली पोचतच नाही.

थर पातळ असेल, तवा नुसता धुळकट आणि जरा तांबूस झाला असेल, तर गरम पाणी, भांडी घासायचा साबण, राख आणि नारळाचा काथ्या एवढ्यावर भागतं. अर्धी भांडी इथेच मार्गी लागतात. ती घासून थेट मुरवायला, म्हणजे तेलाचा थर तापवून बसवायला घ्या.

कढईच्या बाहेर बोटभर जाड खपल्या असतील तर कॉस्टिक सोडा लागतो. प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर गार पाणी घ्या आणि त्यात पाव किलो कॉस्टिक सोडा हळूहळू टाका. सोडा पाण्यात टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा आणि जागा उघडी हवी. लहान मुलं, कुत्री-मांजरं, गुरं यांच्या वाटेत बादली ठेवू नका, वर झाकण आणि त्यावर दगड ठेवा. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा ॲल्युमिनियमची मूठ असलेलं काहीही यात घालायचं नाही, कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. बिडाला मात्र या पाण्याने काही होत नाही. दोन दिवसांनी भांडं काढून घासा, थर राहिला असेल तर पुन्हा बुडवा. आठवडाभर राहिलं तरी चालतं. कॉस्टिक सोडा गंज काढत नाही, त्यामुळे बाहेर आलेलं भांडं काळ्याऐवजी तांबडं दिसलं तर घाबरू नका, गंज आधीपासून होताच, आता उघडा पडला इतकंच. पाणी टाकताना भरपूर पाण्याने पातळ करून मोरीत सोडा, परड्यातल्या झाडांना नको.

गावाकडे तवा होळीत किंवा चुलीच्या जाळात टाकून थर जाळतात. थर जळतो हे खरं, पण जाळ सगळीकडे सारखा लागत नाही. एक बाजू लाल होते, दुसरी गार राहते आणि बीड तडकतं किंवा वाकतं. जास्त तापलेल्या जागी पुढे तेलाचा थरही नीट बसत नाही. ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश आणि ग्राइंडर यांनाही माझा ठाम विरोध आहे. ज्या गुळगुळीसाठी जुनं भांडं घेतलं, तीच त्यांनी खरवडून जाते.

गंज काढणं

हलका गंज तारेच्या घासणीने आणि थोड्या तेलाने निघतो. खोल गेला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळा, भांडं पूर्ण बुडवा आणि अर्ध्या तासाने काढून घासा. गंज उरला तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवायचं नाही, कारण गंज संपला की ॲसिड धातू खायला लागतं आणि पृष्ठभाग खडबडीत, राखाडी होतो. घरातली चिंच, कोकमाचं पाणी किंवा शिळं आंबट ताक हेही हेच काम सावकाश करतात. एखाद्या तव्यासाठी तेवढं पुरतं, पण तासातासाने बघत राहा. संडास-बाथरूमसाठी बाटलीत मिळणारं ॲसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते गंजाबरोबर बीडही खातं, त्याची वाफ छातीत जाते, आणि ब्लीचिंगशी चुकून मिसळलं तर विषारी वायू तयार होतो.

पूर्ण तांबडं झालेलं, खोलगट किंवा नक्षीदार भांडं असेल तर विजेची पद्धत सर्वांत चांगली. तिने थर आणि गंज दोन्ही सुटतात आणि धातू जसाच्या तसा राहतो. प्लॅस्टिकचा टब, दर ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर आणि साध्या लोखंडाचा एक निकामी पत्रा एवढं लागतं. चार्जरची ऋण तार भांड्याला, धन तार पत्र्याला. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. पत्रा स्टेनलेस स्टीलचा अजिबात नको, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. जस्ताचा मुलामा असलेलाही नको. यातही हायड्रोजन निघतो, म्हणून टब अंगणात ठेवा आणि जवळ बिडी-काडी नको. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद करून प्लग काढायचा. भांड्याची पत्र्याकडची बाजूच जास्त साफ होते, म्हणून मध्येच भांडं फिरवून ठेवा. विजेचं काम हाताळायची सवय नसेल तर व्हिनेगर बरं.

ॲसिडचं काम झालं की भांडं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून स्वच्छ धुवा. यानंतरची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. उघडं बीड हवेतच गंजतं, डोळ्यांदेखत केशरी झाक धरतं. म्हणून धुण्याआधीच फडकं, तेल आणि पेटती शेगडी तयार ठेवा. धुतलं, पुसलं, लगेच मंद आचेवर ठेवलं आणि पाण्याचा अंश गेला की तेलाचा हात फिरवला, असा क्रम. फडक्याला काळं लागलं तर तो ग्रॅफाइट आणि लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अंश, तो अपायकारक नाही.

तड्याबद्दल अजूनही शंका असेल तर ओतकामातली जुनी युक्ती वापरा. मुरवण्याआधी भांड्याच्या बाहेरून खडूचा दाट हात द्या, आतून रॉकेल लावा आणि अर्धा तास थांबा. तडा आरपार असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल साबणाने दोनदा धुतल्याशिवाय भांडं विस्तवाजवळ नेऊ नका.

मुरवणं

गरम धातूवर तेलाचा पातळ थर तापला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक, धातूला धरून बसणारं आवरण तयार होतं. ते धुतल्याने निघत नाही. सगळा खेळ त्या थराच्या पातळपणावर आहे.

तेलाबद्दल प्रत्येकाचं मत असतं. जवसाचं तेल सर्वांत कडक आणि चकचकीत थर देतं, दिसायला देखणं, पण वापरात त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून मी ते सोडलं. अथणी-विजापूरकडे पिकणाऱ्या करडईचं तेल मला सर्वांत पसंत आहे. त्यात सुकून घट्ट होणारा अंश भरपूर असतो आणि थर चिवट बसतो. ते नसेल तर रोजचं शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या, चांगलं चालतं. खोबरेल आणि तूप नको, ती अशी गुंफली जात नाहीत.

भांडं हाताला चटका बसेल इतकं गरम करा. सुती फडक्याने आत, बाहेर, कानांना, तळाला, सगळीकडे तेल लावा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि तेल चुकून लागलं होतं असं समजून सगळं पुसून काढा. भांडं कोरडं वाटायला हवं. नवखा माणूस इथे हमखास "थोडं राहू दे, मुरेल" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी चिकट, डाग पडलेला तवा हाती येतो.

ओव्हन असेल तर भांडं पालथं ठेवा, २३० अंशांवर एक तास तापवा आणि आतच गार होऊ द्या. हे तीन-चार वेळा करायचं. पहिल्या वेळी रंग तपकिरी येतो. काळा रंग वापराने चढतो, त्याची घाई नको. ओव्हन नसेल तर चूल उत्तम. जाळ विझवून रुंद पसरलेले निखारे करा, त्यावर विटांच्या आधाराने भांडं पालथं ठेवा. धूर येऊन थांबला की एक थर झाला. गॅसवर ज्योत मधेच लागते आणि कडा गार राहतात, म्हणून मंद आचेवर भांडं सरकवत, फिरवत राहावं लागतं. तव्याला जमतं, मोठ्या कढईला कंटाळवाणं होतं. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो.

आपल्याकडची जुनी रीतही सांगायला हवी. नवा तवा तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत चार-पाच दिवस बुडवायचा, पाणी रोज बदलायचं, मग तेल टाकून कांदा काळा होईपर्यंत परतायचा. आंबलेलं धुवण सौम्य आंबट असतं, त्याने साच्याची वाळू आणि वरवरचा गंज सुटतो. परतताना तेल अंगी लागतं. नव्या भांड्याला ही रीत छान. पूर्ण उघडं केलेल्या जुन्या भांड्याला मात्र धुवणात ठेवू नका, ते पुन्हा गंजेल. तेलाचे थर देऊन झाल्यावर कांदा जरूर परता.

आप्प्यांच्या भांड्याला जास्त जपावं लागतं. घरातली जुनी पड्डूची, म्हणजे आप्प्यांचीच, भांडी बहुतेक वाट्यांच्या तळाशीच गंजलेली असतात, कारण धुतलेलं पाणी तिथे राहतं. वाट्यांत तारेची घासणी नीट फिरत नाही. जाड काडीला तिचा बोळा बांधून फिरवा, किंवा सरळ व्हिनेगर-पाणी अर्धा तास भरून ठेवा. मुरवताना तेल वाट्यांत ओघळून डबकं होतं आणि तिथे चिकट गोळा जमतो. म्हणून प्रत्येक वाटी बोटाने पुसून घ्या, भांडं पालथं ठेवा, आणि दहा मिनिटांनी बाहेर काढून पुन्हा एकदा पुसा.

पहिले काही दिवस आणि रोजचा वापर

मुरवलेल्या भांड्याला लगेच आंबोळीची परीक्षा देऊ नका. सुरुवातीला पुऱ्या, भजी, धपाटे, कांदा-बटाटा परतणं असं तेलाचं काम द्या. दर वेळी थराला थर लागतो. टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, कोकम घातलेलं कालवण यांना हे भांडं नको. आंबट पदार्थ कच्चा थर उतरवतो आणि चवीला लोखंडी वास लागतो. नीट तयार झालेल्या कढईत थोडा आंबटपणा चालतो, पण भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढा. आंबट आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात लोह जास्त उतरतं. बहुतेकांना ते चांगलंच, पण ज्यांना डॉक्टरांनी लोह टाळायला सांगितलं आहे, त्यांनी विचारूनच वापरावं.

भाकरीचा आणि डोसा-आंबोळीचा तवा वेगळा ठेवा. कोरड्या पिठाची जळकी धूळ आणि प्रखर आच यांनी थर रोज थोडा झिजतो, त्याच तव्यावर डोसा घातला की चिकटतो. घरातल्या जुन्या बायका डोशाचा तवा कुणाला भाकरीला देत नाहीत, त्यामागे हे कारण आहे. तवा आधी मंद आचेवर पाच मिनिटं तापवा. बीड उष्णता सावकाश घेतं आणि बराच वेळ धरून ठेवतं, म्हणून मोठ्या आचेची घाई केली तर मध्यभाग जळतो. मग अर्ध्या कांद्याने किंवा वांग्याच्या देठाने तेलाचा हात द्या. इंडक्शनवरही आच हळूहळू वाढवा, आणि काचेवर भांडं ओढू नका, उचलून ठेवा.

धुताना साबण चालतो. साबणाने थर निघतो ही भीती जुन्या, तीव्र साबणांच्या काळातली. थराला घातक आहे ते पाण्यात भिजत ठेवणं. तापलेल्या तव्यावर गार पाणी तर कधीच ओतू नका, बीड एका क्षणात तडकतं. चिकटलं असेल तर मीठ आणि थोडं तेल घेऊन काथ्याने घासा, धुवा, आणि न चुकता शेगडीवर वाळवा. फडक्याने पुसणं पुरत नाही.

पावसाळा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस लागला की भिंतींना ओल येते. तिथे जून ते सप्टेंबर हीच बिडाची खरी कसोटी. रोज वापरात असलेल्या तव्याला काही होत नाही. ठेवणीतल्या भांड्याला होतं. पाऊस सुरू होण्याआधी ठेवणीतली भांडी तापवून तेलाचा अगदी पुसट हात द्या. जास्त तेल लावून ठेवलं तर ते खवट, चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. भांड्यांच्या मध्ये कागद घाला, झाकण लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. आत कोंडलेली ओलच गंज आणते. चुलीच्या वरची फळी किंवा गॅसजवळचं कोरडं कपाट बरं, मिठाच्या बरणीजवळ नको.

पंधरा दिवसांनी एकदा हात फिरवून बघा. कुठे तांबडा ठिपका दिसला तर सगळं भांडं उघडं करायची गरज नाही. तेवढी जागा तारेच्या घासणीने चकचकीत करा, धुवा, तापवा, तेल लावून पुसा आणि धूर थांबेपर्यंत शेगडीवर ठेवा. दोनदा केलं की ठिपका आजूबाजूच्या काळ्यात मिसळतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा गंज येत असेल तर खाली खड्डा आहे आणि त्यात जुना गंज उरला आहे. तेवढ्या जागी व्हिनेगरचा बोळा वीस मिनिटं ठेवा, खड्डा सुईने खरवडा आणि मग थर द्या.